विमान उतरेपर्यंत केरसुणी नाही

माझी मुलगी सुनंदा कॅनडात असते. ती मोबाईलवर एक नकाशा दाखवते. एका टोकाला मुंबईचं विमानतळ, दुसऱ्या टोकाला तिच्या टोरांटोचं, मधे एक वाकडी रेघ आणि त्या रेघेवर माशीएवढं विमान सरकत असतं. खाली लिहून येतं: साडेबारा हजार किलोमीटर, पंधरा तास आणि वर थोडं. तिला वाटतं हे बघून माझी भीती जाईल आणि मी विमानात बसेन. मी तिला म्हणालो, "सुनंदे, हे यंत्र आमच्या वेळी असतं, तर तुझी आई ह्या घरात आलीच नसती, आणि तू बी झाली नसतीस." ती म्हणाली, "आप्पा, गोळ्या घेतल्या का?" तिची आई इंदू गेल्यापासून मी काहीही बोललो की पोरगी हेच विचारते. म्हणून आता बोलत नाही, लिहून ठेवतो. मी सातवी नापास माणूस आहे. अक्षर बैलाच्या मुतासारखं वाकडंतिकडं जातं, पण जातं.

आमची वस्ती काष्टीपासून दोन-तीन कोस आत. पुढं पडवी, मग मधलं घर, मागं चुलीचं घर, जमीन शेणानं सारवलेली. ज्या दिवसांचं सांगतोय, तेव्हा कांदा नुकता काढला होता आणि वळवाचा काळा ढग रोज दुपारी येऊन आम्हाला दम देऊन जायचा. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या ढगाला घाबरून सगळा कांदा गाडीनं आणून घरात ओतला. पडवीत गुडघ्याएवढा, मधल्या घरात मांडीएवढा. माणसं भिंतीला पाठ लावून चालायची. चार बाया दिवसभर कांदा निवडत बसायच्या, आणि त्याचा पापुद्रा घरभर व्हायचा. कांद्याचा पापुद्रा ज्यानं बघितला नाही त्याला सांगून कळायचं नाही. धान्याचं भूस खाली बसतं. हा बसत नाही. माणूस नुसता हसला तरी उडतो. भाकरीवर, आमटीत, देवाच्या डोक्यावर, अण्णांच्या मिशीत, सगळीकडं लाल पापुद्रा. रात्री कूस बदलली तरी अंगाखाली सळसळ व्हायची. एवढ्या घराला दिवसातून चार वेळा केरसुणी लागायची, आणि नेमकी तीच बंद झाली.

माणूस गावाला निघालं की त्याच्या पाठोपाठ घर झाडायचं नाही, हे आमच्याकडं सगळेच पाळतात. मयत घराबाहेर काढलं की मागं बाया लगेच झाडून धुऊन घेतात, म्हणून जित्या माणसामागं तसं करायचं नाही, एवढाच त्यातला अर्थ. पण बाकीच्या बाया माणूस वेशीबाहेर गेलं की केरसुणी उचलतात. माझ्या आईला ते मान्य नव्हतं. ती म्हणायची, "वेशीभाईर गेलं म्हंजी पोचलं व्हय? एस्टी काय वेशीतच उलटती?" तिचा नेम असा, की माणूस जिथं जायचं तिथं पोचेपर्यंत घरात केरसुणी हलता कामा नये. अण्णा बियाणं आणायला नगरला गेले की आई चुलीपुढं बसून मनातल्या मनात त्यांच्याबरोबर एस्टीत बसायची. मधेच म्हणायची, "आता श्रीगोंद्यात च्याला थांबली असंल." थोड्या वेळानं म्हणायची, "निघाली." आणि तेव्हा तिला मागं गचका बसलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. नगर आलं की उठायची, कंबर सरळ करायची आणि झाडायला घ्यायची. ह्यात तिचं कधी चुकलं नाही, कारण नगर कुठं आहे हे तिला माहीत होतं.

आता माझा थोरला भाऊ, नाना. तो साखर कारखान्यात पॅनमन होता. उसाचा रस आटवत आटवत साखरेचा दाणा नेमका कधी धरला हे ओळखायचं काम. काचेच्या तुकड्यावर थेंब घ्यायचा, उजेडाला धरायचा आणि सांगायचं. नानाचा हात त्यात लई बसलेला. आफ्रिकेत केनिया म्हणून देश आहे, तिथल्या कारखान्याला असा माणूस पाहिजे होता आणि कुणीतरी नानाचं नाव सुचवलं. वहिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली, त्यामुळं घरात रडायला एकटी आईच होती. पण रडायच्या आधी तिनं चौकशी केली.

"किती लांब हाय?"

"साडेचार हजार किलोमीटर," नाना म्हणाला.

"एस्टीनं किती येळ?"

"एस्टी जात न्हाई आई. मधी समुद्र हाय. इमान जातं. मुंबईवरनं नैरोबी."

"समुद्रात थांबतं कुठं?"

"थांबत न्हाई."

"पानी प्यायला बी न्हाई?"

"न्हाई. सकाळी सातला उडतंय, साडेधाला उतरतंय."

आईनं बोटं मोजली आणि पदरानं डोळे पुसून टाकले. "एवढंच? आरं पुण्याला जायला बी एवढाच येळ लागतो की! मग सगळी रडताय कशापायी?" आम्ही कोणीच रडत नव्हतो.

ह्याच दिवसांत माझं लग्न ठरायचं होतं. ठरायचं होतं म्हणजे दोनदा मोडून झालं होतं. पहिल्या पाहुण्यांनी माझी सातवी काढली, दुसऱ्यांनी माझा रंग काढला. तिसरं स्थळ सोनईचं. मी जाऊन मुलगी बघून आलो होतो. इंदू चहाचा ट्रे घेऊन आली तेव्हा शेरडाचं एक करडू तिच्या पदराला लोंबकळलेलं होतं. तिनं ट्रे हलू दिला नाही, वर बघितलं नाही, गुडघ्यानं करडू बाजूला सारलं आणि चहा माझ्यापुढं धरला. कपातला थेंब बशीत आला नव्हता. मला विचारायला सांगितलं होतं ते सगळे प्रश्न मी विसरलो. घरी येताना एस्टीत अण्णांनी विचारलं, "कशी वाटली?" मी म्हणालो, "करडू चांगलं हुतं." अण्णांना काय समजायचं ते समजलं. आता तिच्याकडची माणसं आमचं घर बघायला येणार होती. तिला वडील नव्हते, मामा कर्ता होता. मामा आणि तिची आत्या असे दोघं सोमवारी बाराच्या एस्टीनं येणार, असा निरोप आला. आणि सोमवारी सकाळीच नानाचं विमान.

अण्णांनी हिशेब मांडला तो अगदी चोख होता. नाना रविवारी सकाळी घरातून निघणार, मुंबईत मुक्काम करणार, सोमवारी साडेदहाला तिकडं उतरणार. साडेदहाला केरसुणी सुटली की बारापर्यंत घर आरशासारखं. आईनंही मान हलवली. रविवारी नानाच्या हातावर दही घातलं, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, आणि नाना बांधावरून दिसेनासा झाला तशी आईनं केरसुणी उचलून पिठाच्या डब्यामागं लपवली. कांदा निवडायच्या बाया थांबवता येत नव्हत्या, कारण व्यापाऱ्याचा टेम्पो मंगळवारी येणार होता. रविवारी संध्याकाळी घोट्यापर्यंत पापुद्रा होता. सोमवारी सकाळी मी उठलो तेव्हा माझी एक चप्पल सापडली नाही, ती पुढं बुधवारी सापडली.

सकाळपासून अण्णा आईच्या मागं लागले. "अगं, केरसुणी न्हाई, पर हातानं येचलं तर चालंल का?"

आईनं बराच विचार केला. "हातानं येचा. पर सरळ रेघंत येचू नगा. झाडल्यावानी व्हतं."

मग अण्णा आणि मी घरभर वाकडेतिकडे वेचत फिरलो. इथं एक मूठ, तिथं एक मूठ. काही उपयोग झाला नाही. मी शेरडू आत सोडून बघितलं. त्यानं पापुद्रा सोडून कांदे खाल्ले आणि वर लेंड्या टाकून गेलं. मग मला वाटलं पुढचं आणि मागचं दार एकदम उघडावं, वारा आरपार गेला की पापुद्रा आपोआप जाईल, त्यात केरसुणीचा संबंध नाही. दारं उघडली. वारा उलटा होता. अंगणातला, गोठ्यातला, शेजारच्या बांधावरचा सगळा पापुद्रा आमच्या घरात आला. अण्णा माझ्याकडं बघून एवढंच म्हणाले, "सातवी उगं न्हाई ऱ्हायली."

वस्तीवर घड्याळ एकाच मनगटावर होतं, आमच्या शेजारच्या फौजी तात्यांच्या. पलटणीतून निवृत्त झालेला माणूस, रेडिओही त्यांच्याकडंच. साडेदहा वाजल्याचं सांगायला तात्या इस्त्रीचा सदरा घालून आले, जसं काही विमान तेच उतरवणार होते. मनगट वर करून म्हणाले, "वैनी, टाईम झाला." आईनं केरसुणी काढली, तिला हात जोडले, पदर खोचला आणि चुलीजवळच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. एक कोपरा निघाला. पाटीत केर भरला. अण्णांनी मिशीतला पापुद्रा झटकला. तात्या चहाची बशी तोंडाला लावत सहज म्हणाले, "साडेधा म्हंजी कुनाचं साडेधा?"

"कुनाचं म्हंजी?" आईचा हात थांबला.

"तिकडचं का आपलं? तिकडं घड्याळ मागं असतंया."

"बंद पडलंय व्हय?"

"तसं न्हाई वो. तिकडं दिस उशिरा उगावतो."

"का? सूर्य दोन हाईत?"

तात्यांनी बशी खाली ठेवली आणि ढिगातला एक कांदा उचलला. "हे बघा. ही पृथ्वी. आन् ही चूल म्हंजी सूर्य." कांदा चुलीपुढं धरून त्यांनी हळूहळू फिरवला. "ही आपली बाजू. ही आधी शेकली. ही नानाची बाजू, हिला शेक लागाय अजून येळ हाय. तिकडं साडेधा वाजतील तवा आपल्याकडं एक वाजलेला असंल."

आईनं आयुष्यभर भाकरी शेकली होती, तिला ते पटकन समजलं. अण्णांना नाही समजलं. तिनं तात्यांच्या हातातल्या कांद्याकडं बघितलं. एक सुटलेला पापुद्रा वर लटलट हलत होता. "मग माझा नाना आत्ता..."

"आत्ता ह्या दोन्हीच्या मधी. हवेत."

आईच्या हातातून केरसुणी पडली. तिनं झाडलेल्या कोपऱ्याकडं बघितलं, स्वच्छ, सारवलेला, गुळगुळीत. मग आमच्याकडं बघितलं. मी तिला तशी कधी पाहिली नव्हती, ना आधी ना नंतर. "माझ्या हातनं झाडलं गेलं," ती म्हणाली. "पोरगं हवेत आसताना." आणि कोणाला काही समजायच्या आत तिनं पाटी उचलली आणि केर परत टाकायला लागली. आधी कोपऱ्यात टाकला, जिथून काढला होता तिथंच. मग तिला वाटलं कमी पडतोय, म्हणून मधल्या घरात, मग पडवीत. मुठीमुठीनं, घाईघाईनं, पुटपुटत, जणू प्रत्येक मुठीनं विमान एक एक हात वर उचललं जात होतं.

जीपचा आवाज आम्हाला ऐकूच आला नाही. पाहुण्यांना वाटेत ओळखीची जीप भेटली होती, म्हणून ते एस्टीच्या तासभर आधी आले. मी वळून बघितलं तर दारात मामा, मामाच्या मागं आत्या, आणि समोर माझी आई लग्नात अक्षता टाकाव्यात तसा केर उधळतेय. शेवटची मूठ मामांच्या धोतरावर पडली.

मामांनी आधी धोतराकडं बघितलं, मग घराकडं. "कांदेवाल्यांची वस्ती हीच का?"

"हीच, हीच," अण्णा म्हणाले. "या, या. बसा." पण बसायला जागा कुठं होती? मी खाटेवरचा पापुद्रा हातानं सारायला गेलो, तशी आई ओरडली, "सरळ न्हाई!" मी वाकडा सारला. मामांनी ते पण बघितलं.

तिसरं स्थळही गेलं, हे मला तेव्हाच समजलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो आणि माझ्या डोळ्यांपुढं ते गुडघ्यानं सारलेलं करडू येत होतं. अण्णांनी खरं तेच सांगितलं. थोरला विमानात आहे, तो उतरेपर्यंत घरात केरसुणी नाही, आमचा नेम आहे. मामा ऐकून घेत होते आणि चहातला पापुद्रा बोटानं काढत होते. एक काढला की दुसरा येऊन बसायचा.

"आवो पावनं," मामा शेवटी म्हणाले, "इमान म्हंजी काय बैलगाडी हाय का? आमच्या सोनईवरनं रोज जातं. ह्या टोकाचं त्या टोकाला, तंबाखू मळून व्हायच्या आत! तुमचा पोरगा कवाच पोचला. जेवून झोपला बी असंल."

"तुमाला दिसतं ते आभाळ सोनईचं," तात्या म्हणाले. "आभाळ त्याच्या फुडं बी हाय."

"किती हाय?"

"सा तास हाय."

"सा तास बसून माणसाचं पाय न्हाई आखडत?"

"बसायचंच असतंय. आपन न्हाई का बसलो?"

दोघांचं जुंपलं. अण्णा मधे पडून कोणाचीच बाजू घेत नव्हते, कारण त्यांना अजून चुलीचा आणि कांद्याचा संबंध लागला नव्हता. आत्याचं ह्या भांडणात लक्ष नव्हतं. जाड भिंगाचा चष्मा, कपाळावर मोठं कुंकू, पाय वर घेऊन खाटेवर बसलेली. ती एकटक माझ्या आईकडं बघत होती. आई चुलीच्या घराच्या उंबऱ्यावर बसलेली, केरसुणी मांडीवर आडवी, डोळे मिटलेले.

"बाई," आत्यानं विचारलं, "आता कुठं आसंल वो?"

"पाण्यावर," आई डोळे न उघडता म्हणाली.

"खाली काय हाय?"

"काय बी न्हाई."

आत्यानं हं केलं. मग म्हणाली, "माझा सदा ट्रकवर हाय. पार कलकत्त्याला जातो. तो गेला की पोचल्याचा सांगावा येस्तोवर मी डोक्यावरनं पानी घेत न्हाई. आज नववा दिस हाय."

"म्हनून तर जीपमधी मी फुडं बसलो," मामा म्हणाले.

आत्यानं त्यांच्याकडं बघितलंही नाही. ती खाटेवरून उतरली, पापुद्र्यातून सळसळ करत गेली आणि उंबऱ्यावर आईशेजारी जाऊन बसली. मग दोघी मिळून नैरोबीला निघाल्या. आई मधेच हळूच सांगायची, "जरा हाललं." आत्या विचारायची, "खड्डा व्हय?" तात्या पलीकडून म्हणायचे, "हवेत खड्डं नसत्यात." दोघीही म्हणायच्या, "तुमी गप बसा."

एक वाजला. तात्यांनी मनगट वर केलं. "टेकलं."

आई उठली, केरसुणी हातात घेतली आणि थांबली. "टेकलं म्हंजी थांबलं का?"

"न्हाई. पळतं जरा जमिनीवर."

"मग थांबू द्या की."

थोड्या वेळानं तात्या म्हणाले, "आता थांबलं."

"दार उघडलं का?"

"आवो बाई!" मामा खाटेवर उभेच राहिले. "बाहेर जीपवाला थांबलाय!"

"थांबंल," आत्या म्हणाली. "ती जीप हाय, इमान न्हाई." मग आईकडं वळून, "घाई नगा करू. जिना उतराय लागत आसंल."

जिना उतरून झाला, नाना पायांवर उभा राहिला, आणि मग आईनं केर काढला. आतून बाहेर, भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत, एक पापुद्रा मागं न ठेवता. मामा खाटेवर पाय वर घेऊन बसलेले, आई खाटेखालून झाडतेय, अण्णा आणि मी पाट्या भरून उकिरड्यावर टाकतोय. मग मासवडीचा रस्सा आणि भाकरी झाली. मामांनी तीनदा रस्सा घेतला. निघताना दारात त्यांनी आत्याला बाजूला घेतलं. मी तांब्या विसळायचं निमित्त करून खांबाआड उभा होतो.

"घर बघितलंस का?" मामा म्हणाले.

"बघितलं की."

"उकिरडा बरा."

"पोरगं हवेत हाय म्हनून ही बाई दोन दिस उकिरड्यात बसली," आत्या म्हणाली. "आपली इंदी सनासुदीला म्हायेराला येईल, परत निघंल. हितं पोचंस्तोवर तिची वाट बघनारं कुनी पायजे का नगं?"

"आगं, पर घर..."

"घर झाडता येतं," आत्या म्हणाली आणि जीपमध्ये पुढं जाऊन बसली.

असं माझं लग्न झालं. म्हणून मी सुनंदाला म्हणतो, की त्या दिवशी माशीएवढं विमान मोबाईलवर दिसलं असतं, तर नाना मुंबईतच बसलाय हे सगळ्यांना दिसलं असतं, आई पाण्यावर गेली नसती आणि आत्या तिच्याशेजारी जाऊन बसली नसती. कारण नाना खरंच मुंबईतच होता. हे आम्हाला तीन वर्षांनी समजलं. नाना सुट्टीवर आला, आम्ही सगळे जेवायला बसलो, आणि आईनं मोठ्या कौतुकानं त्याला त्या दिवसाची गोष्ट सांगितली, कांदा आणि चूल, पाण्यावर कुठं हललं, सगळं. नाना घास तोंडात धरून ऐकत होता. म्हणाला, "आई, पर त्या दिशी इमानात बिघाड झाल्ता. संध्याकाळी उडालं. तू झाडत हुतीस तवा मी मुंबईत खुर्चीत झोपलो हुतो."

आई तव्यावरची भाकरी विसरली. "मग मी पाण्यावर गेल्ते ते?"

"एकलीच गेलीस."

तिनं उलथनं फेकून मारलं, ते नानाला न लागता अण्णांना लागलं. इंदू दाराआड उभी होती. तिला एवढं हसू आलं की कडेवरची सुनंदा रडायला लागली. रात्री ती मला म्हणाली, "म्हंजी मी ह्या घरात फुकटच आले म्हनायचं." पुढं आयुष्यभर भांडणात ती हेच काढायची. मी आवाज चढवला की म्हणायची, "इमान उडालंच नव्हतं, म्हनून फसले."

पण आई गेल्यावर केरसुणीचा नेम इंदूनं घेतला, आणि आईपेक्षा कडक घेतला. सुनंदा पहिल्यांदा कॅनडाला निघाली तेव्हा आमच्या घरात फरशी आली होती, कांदा साठवायला चाळ झाली होती, उंबऱ्यापर्यंत डांबरी आली होती. तरी इंदू केरसुणी मांडीवर घेऊन बसली. पोरीनं मोबाईलवर विमान दाखवायला शिकवलं होतं. मी ते इंदूपुढं धरलं की ती म्हणायची, "ते बाजूला घ्या. त्यात बघितलं की मला जाता येत न्हाई." तिला पण मग एक-दोनदा गचका बसला.

इंदू गेली तो दिवस मला सांगायचा नाही, पण थोडा सांगावा लागेल. आम्ही पुरुष माणसं स्मशानातून परत आलो तोवर बायांनी घर झाडून धुऊन काढलं होतं, जसं करतात तसं. फरशी ओली होती. उंबऱ्याबाहेर भिंतीला लावून केराची पाटी ठेवलेली. मी आंघोळीला जायच्या ऐवजी ती पाटी उचलली, आत आलो आणि केर मुठीनं फरशीवर टाकायला लागलो. बायांनी तोंडाला पदर लावले. कोणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला धरा. मला धरायला नाना पुढं आला. आता त्याचेही ऐंशी होऊन गेलेत, काठी लागते. त्यानं विचारलं, "काय करतोस रं?"

"इतक्यात पोचली नसंल ती," मी म्हणालो.

नानानं पाटीत हात घातला, एक मूठ भरली आणि आतल्या कोपऱ्यात टाकली. "कोपरा ऱ्हायला हुता," म्हणाला.

नंतर किती दिवस घर तसंच होतं ते मी सांगत नाही. सुनंदानं व्हिडिओवर बघितलं आणि गोळ्यांचं विचारलं.

आता तिनं माझं तिकीट काढलंय. मी महिनाभर नाही म्हणालो. तिला वाटतं मला विमानाची भीती आहे. मला विमानाची कसली भीती? मी त्या वेळेला खाली उभा राहून विमान समुद्रापार नेलंय. मला एकच अडचण होती, ती पोरीला सांगता येत नव्हती. मी उडालो, तर मागं घरात केरसुणी न उचलता बसणारं कोण आहे? कामाला येणारी बाई मी बांधावर जायच्या आत फरशी पुसून मोकळी होईल. आईनं मला नगरला पोचवलं, इंदूनं मला सगळीकडं पोचवलं. आता मला पोचवणारं कोणी नाही, तर मी जायचं कसं?

काल हे नानाला सहज बोलून गेलो. आज सकाळी काठी टेकत, नातवाच्या डोक्यावर अंथरूण देऊन आला. पडवीत खाट टाकायला लावली. आत गेला, केरसुणी शोधून काढली आणि खाटेवर उशाखाली घालून वर डोकं ठेवलं. कामाच्या बाईला सांगितलं, तीन दिवस सुट्टी. मग मला जवळ बोलावून विचारलं, "कितीला उडतंय?"

"रात्री एकला."

"आन् उतरतंय कितीला?"

"सकाळी सातला."

नाना उशीवरून उठून बसला. "तिकडचं सांगू नगं," म्हणाला. "आपलं सांग."